विश्लेषण : ओटीपी न देताही कार्डातून पैसे जातात कसे? आणि गेलेच तर तोटा कोणाचा?

किराणा, विमानाचे तिकीट, मुलांच्या क्लासची फी, सारे काही मोबाइलवरून कार्डाने भरले जाते. फसवणूक झाल्यावर मात्र ‘ओटीपी दिला का?’ या एकाच प्रश्नावर सगळे येऊन थांबते. नियम त्यापेक्षा बराच तपशीलवार आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूचाही आहे. अट एकच, घड्याळाकडे लक्ष हवे.

पवई म्हणजे मुंबईतील तंत्रज्ञानाशी सर्वात जवळचे नाते असलेला भाग. एका बाजूला आयआयटी, दुसऱ्या बाजूला हिरानंदानीतील कार्यालये, पलीकडे चांदिवलीतील टॉवर. इथल्या रहिवाशांना ‘ऑनलाइन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये पवई पोलिसांकडे आलेल्या एका तक्रारीने अनेकांना धक्का दिला. आयआयटी मुंबईतील एका विद्यार्थ्याचे ७ लाख २९ हजार रुपये भामट्यांनी लुटले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणातून (ट्राय) बोलत असल्याचे सांगणारा फोन, मग पोलिसाच्या गणवेशातील माणसाचा व्हिडीओ कॉल आणि ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी असा तो प्रकार होता. आधी २९ हजार ५०० रुपये यूपीआयने उकळले गेले. पुढे विद्यार्थ्याने घाबरून बँकेचे तपशील दिले आणि उरलेले ७ लाख गेले.

या प्रकरणात कार्ड वापरले गेले नव्हते, पण त्यातून निघणारा प्रश्न कार्डधारकांनाही लागू आहे. माहिती स्वतःहून दिली गेली तर काय, आणि न देताच पैसे गेले तर काय? नियम या दोन गोष्टींत मोठा फरक करतो.

कार्डावरच्या आकड्यांत गुपित किती?

वाटते तितके नाही. बहुतेक कार्डांवर १६ अंक असतात. पहिला अंक कार्डाचे जाळे सांगतो. ४ ने सुरू होणारे कार्ड व्हिसाचे, ५ ने सुरू होणारे बहुधा मास्टरकार्डचे, तर रुपेची बरीच कार्डे ६ ने सुरू होतात. पहिल्या सहा ते आठ अंकांवरून कार्ड कोणत्या बँकेचे, हे कळते. म्हणजे एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या हजारो कार्डांचे सुरुवातीचे अंक सारखेच असतात.

भामटे नेमका याचा फायदा घेतात. ‘मी बँकेतून बोलतोय, तुमचे कार्ड अमुक सहा अंकांनी सुरू होते ना?’ असे विचारले की समोरच्याचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात ते अंक कुणालाही शोधता येतात. त्यावरून बोलणारा बँकेचा माणूस ठरत नाही.

शेवटचा अंक हा पडताळणी अंक असतो. आधीच्या अंकांवर ठरावीक गणित करून तो काढला जातो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. टाइप करताना एखादा अंक चुकला तर संकेतस्थळ लगेच ‘कार्ड क्रमांक चुकीचा’ म्हणते, ते या गणितामुळे. चूक पकडणे एवढेच त्याचे काम, सुरक्षेशी त्याचा संबंध नाही.

खरे जपायचे ते तीन तपशील एकत्र : पूर्ण क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि मागचा तीन अंकी सीव्हीव्ही. कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की हे तिन्ही एकाच वेळी हातातून जातात.

‘पैसे भरा’ दाबल्यावर नेमके काय होते?

माहिती आधी दुकानदाराच्या पेमेंट गेटवेकडे जाते. तिथून दुकानदाराच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे. ही बँक ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते किंवा ॲपमध्ये मंजुरी मागते. ती मिळाली की खात्यात पैसे आहेत का, हे पाहून होकार किंवा नकार परत येतो. हा सगळा प्रवास काही सेकंदांचा.

भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी हा दुसरा पहारा ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा आहे. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हा निर्णय घेतला, म्हणून आज कार्ड हरवले तरी सापडणाऱ्याला देशातील संकेतस्थळावर सहजासहजी खरेदी करता येत नाही.

ओटीपीच्या संदेशात बहुधा फक्त आकडे नसतात. रक्कम असते, दुकानाचे नाव असते. बरेच जण घाईत आकडे तेवढे पाहतात, किंवा फोन स्वतःच ते भरून टाकतो. ‘पाच रुपयांची नोंदणी फी’ म्हणून मागितलेल्या ओटीपीच्या संदेशात ४९ हजार लिहिलेले असू शकते. आकड्यांआधी रक्कम वाचणे हा सर्वात स्वस्त विमा आहे.

मग ओटीपी न देता पैसे कसे जातात?

चार वाटा प्रामुख्याने दिसतात.

पहिली, परदेशी संकेतस्थळे. २००९ चा नियम देशातील व्यवहारांसाठी होता. परदेशातील अनेक दुकानांत क्रमांक, तारीख आणि सीव्हीव्ही एवढ्यावर व्यवहार पूर्ण होतो. ‘रात्री दोन वाजता डॉलरमध्ये खरेदी झाली, ओटीपी आलाच नाही’ अशा तक्रारींमागे बहुधा हे कारण असते.

दुसरी, एपीके फाइल. ‘गॅसचे बिल थकले आहे, आज रात्री जोडणी बंद होईल’, ‘वाहनाचे चलान पाहा’, ‘लग्नाची पत्रिका उघडा’ असे संदेश व्हॉट्सॲपवर येतात. सोबतची फाइल उघडून ॲप बसवले आणि त्याला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की पुढचा प्रत्येक ओटीपी ग्राहकाबरोबर भामट्यालाही दिसतो. ग्राहकाने तो कुणालाही सांगितलेला नसतो, तरी तो पोहोचलेला असतो. महावितरण असो, अदानी असो वा महानगर गॅस, बिल भरायला प्ले स्टोअरबाहेरची फाइल लागत नाही.

तिसरी, स्क्रीन दाखवणारी ॲप. ‘परतावा अडकला आहे, मी मदत करतो’ म्हणत ती बसवायला सांगतात. त्यानंतर फोनवर दिसणारे सारे समोरच्याला दिसते.

चौथी, सिम बदलणे. ग्राहकाच्या नावाने नवे सिम काढले की जुने बंद पडते आणि ओटीपी दुसऱ्याच फोनवर जातो. पवईत सगळीकडे नेटवर्क असताना आपल्याच फोनवरचे नेटवर्क अचानक गायब झाले आणि फोन बंद-चालू करूनही परतले नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला विचारावे.

माहिती ग्राहकाकडूनच फुटते का?

नेहमी नाही. २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली होती. एटीएमचे जाळे सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे पुढे कंपनीनेच मान्य केले. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) माहितीनुसार १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेले.

दोनच वर्षांनी पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून ७८ कोटींहून अधिक रक्कम काढली गेली. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवले गेले. पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. या दोन्ही घटनांत कार्डधारकांची काहीही चूक नव्हती. त्यामुळे ‘पैसे गेले म्हणजे ग्राहकानेच काहीतरी केले असणार’ हे गृहीतक टिकत नाही.

खरेदीच्या संकेतस्थळाकडे कार्ड क्रमांक साठवलेला असतो का?

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात तशी परवानगी नाही. त्याऐवजी टोकन पद्धत आली. ‘कार्ड सेव्ह करा’ या पर्यायाला होकार दिला की खऱ्या क्रमांकाच्या जागी एक पर्यायी क्रमांक तयार होतो. तो त्या कार्डासाठी आणि त्या दुकानापुरताच चालतो. दुकानाची माहिती चोरीला गेली तरी चोराच्या हाती लागलेला तो क्रमांक दुसरीकडे उपयोगाचा नसतो. दुकानाला दिसतात ते फक्त शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव.

म्हणून नेहमीच्या, खात्रीच्या ॲपवर टोकन करणे हे दरवेळी पूर्ण क्रमांक टाइप करण्यापेक्षा सुरक्षित ठरते. मात्र दुकान परदेशी असेल, नियम पाळते की नाही याची खात्री नसेल, तर कार्ड सेव्ह करू नये. मासिक वर्गणीसाठीही वेगळा नियम आहे. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना वाचून नको असलेली वर्गणी थांबवता येते.

बँकेच्या ॲपमध्ये कोणती बटणे पाहावीत?

जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या किल्ल्या ग्राहकाच्या हाती दिल्या. नवे कार्ड देताना ते देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रापुरतेच चालू असावे. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक प्रकार कधीही चालू-बंद करता येतो आणि प्रत्येकासाठी वेगळी मर्यादा ठेवता येते.

बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात ही बटणे सापडतात. तीन गोष्टी दोन मिनिटांत होतात :

- परदेशी व्यवहार बंद ठेवावेत. प्रवासाला निघताना किंवा परदेशी खरेदीच्या वेळी सुरू करून काम झाले की पुन्हा बंद.
- ऑनलाइन मर्यादा महिन्याच्या नेहमीच्या खर्चाइतकी ठेवावी. खात्यात चार लाख असले तरी मर्यादा २० हजार असेल तर एका झटक्यात त्याहून जास्त जाणार नाहीत.
- स्पर्शविरहित व्यवहार लागत नसेल तर बंद ठेवावा. त्यात ५ हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही.

शक्य असेल तर ऑनलाइन खरेदीसाठी पगाराच्या खात्याचे डेबिट कार्ड वापरू नये. डेबिट कार्डातून जातात ते हातातले पैसे. घराचा हप्ता, शाळेची फी त्यातूनच भरायची असते. क्रेडिट कार्डावर वाद निर्माण झाला तर तो बिलातील रकमेवर होतो, खाते रिकामे होत नाही.

पैसे गेलेच तर नुकसान कोणाचे?

याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. ढोबळमानाने त्यात तीन खण आहेत.

बँकेची चूक किंवा निष्काळजीपणा असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य. त्याने तक्रार केली असो वा नसो.

चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, गडबड यंत्रणेत इतरत्र झाली, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत : साध्या बचत खात्यासाठी आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी प्रत्येक व्यवहारामागे कमाल १० हजार रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी ५ हजार, तर त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डासाठी २५ हजार. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणानुसार.

ग्राहकाने स्वतः पिन, ओटीपी वा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपलीच असली तरी तक्रार करण्यात अर्थ असतो. पुढची गळती तिथेच थांबते.

दिवस मोजण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या दिवशी सूचना मिळाली तो दिवस धरत नाहीत आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजतात. समजा, शुक्रवारी रात्री ९ वाजता पैसे गेल्याचा संदेश आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार आहे. शनिवार-रविवार बँक बंद. मग सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस. पण ही मुदत भरपाईसाठी आहे. पैसे वाटेत अडवायचे तर तासाभराचाच खेळ असतो.

आणखी एक कलम ग्राहकाच्या बाजूचे आहे. दायित्व ग्राहकाचे आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे.

न्यायालये हा नियम मानतात का?

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकाल यासाठी महत्त्वाचा. फार्मा सर्च आयुर्वेद या कंपनीच्या बँक ऑफ बडोदातील खात्यातून १ ऑक्टोबर २०२२ रोजी ७६ लाख ९० हजार रुपये गेले होते. नवे लाभार्थी जोडले गेले तेव्हा कंपनीला ओटीपी आलाच नव्हता. बँकेने हात वर केले, लोकपालाने तक्रार फेटाळली. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती फिरदोश पुनीवाला यांच्या खंडपीठाने २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेत रक्कम परत करण्याचे आदेश बँकेला दिले.

दुसरा निकाल थेट ऑनलाइन खरेदीशी जोडलेला आहे. गुवाहाटीतील एका ग्राहकाने कपड्यांच्या एका ब्रँडच्या संकेतस्थळावरून खरेदी केली होती. वस्तू परत करायची म्हणून बोलणे सुरू असताना भामट्याने त्याला ॲप बसवायला लावले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ९४ हजार २०४ रुपये गेले. ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवले. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचे अपील फेटाळले आणि ग्राहकाची भरपाई कायम ठेवली. ग्राहकांनीही ओटीपी देऊ नये, सावध राहावे, असे न्यायालयाने त्याच वेळी बजावले.

दोन्ही प्रकरणांत समान धागा एकच. तक्रार लगेच झाली होती.

पैसे गेल्याचे कळताच काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे.

१. ॲपमधून कार्ड ब्लॉक करावे. ॲप उघडत नसेल तर कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. ग्राहक सेवा क्रमांक गुगलवर शोधू नये. तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही सापडतात.

२. १९३० वर फोन करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवावी. ही यंत्रणा बँकांशी जोडलेली असल्याने पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येऊ शकतात.

३. बँकेला लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. फोनवरील बोलण्याला पुरावा राहत नाही. ईमेलला तारीख आणि वेळ राहते.

४. संदेश, कॉलची यादी, स्क्रीनशॉट जपावेत. घाबरून ते पुसू नयेत. एपीके बसवली असेल तर फोन इंटरनेटपासून तोडावा आणि पुढची कामे दुसऱ्या फोनवरून करावीत.

५. पोलीस ठाण्यात जावे. पवईत राहणाऱ्याचे पैसे झारखंडमधून काढले गेले असले तरी तक्रार इथेच घेता येते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर व्याजाचा बोजा ग्राहकावर टाकता येत नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथेही पहिला कागद मागितला जातो तो बँकेला केलेल्या तक्रारीचा.

यापुढे काय बदलते आहे?

ओटीपीचा एसएमएस हा एकमेव पर्याय राहणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीसाठी नवे निर्देश काढले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. दोन घटकांची पडताळणी कायम ठेवून ॲपमधील मंजुरी, बोटाचा ठसा यांसारख्या पर्यायांना त्यांनी वाट करून दिली आहे. निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारीही कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. ऑनलाइन परदेशी कार्ड व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही वेगळी मुदत आहे.

बँक ओळखण्याच्या खुणाही बदलल्या आहेत. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. त्यामुळे साध्या दहा अंकी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला, तर तो ठेवून देण्यात काहीच उद्धटपणा नाही.

पत्त्याच्या पट्टीतील कुलुपावर मात्र विसंबू नये. माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे दुकानदार आहे की चोर, हे त्याला माहीत नसते. बनावट संकेतस्थळालाही असे कुलूप विनाखर्च मिळते. पत्ता अक्षर-अक्षर वाचणे आणि दुवा दाबण्याऐवजी तो स्वतः टाइप करणे, हाच त्यावरचा उपाय.

आणि घरातील ज्येष्ठांच्या कार्डाचा परदेशी व्यवहाराचा पर्याय चालू आहे की बंद, हे आज एकदा तपासून पाहावे. ते बटण दाबायला ओटीपीपेक्षाही कमी वेळ लागतो.